गोलेम: चित्रपट, कॉमिक्स आणि गेममधल्या मातीच्या माणसाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोलेम म्हणजे नेमकं काय?

ज्यू लोककथांमधला, माणसाने मातीतून घडवलेला माणूस. नदीकाठची चिकणमाती घ्यायची, तिचा देह करायचा, हिब्रू अक्षरं ठरावीक क्रमाने उच्चारायची आणि पवित्र शब्दाच्या जोरावर त्याच्यात जीव आणायचा. मग तो सांगाल ते काम करतो. पाणी भरतो, लाकडं फोडतो, रात्री वस्तीवर पहारा देतो. थकत नाही, कुरकुरत नाही. बहुतेक कथांमध्ये त्याला बोलता येत नाही.

आज मुलांच्या मोबाइलवर दिसणारा दगडी धिप्पाड गडी याच घराण्यातला. फक्त त्याच्यामागची गोष्ट वाटेत कुठेतरी गळून पडली आहे, आणि ती गोष्ट त्या गड्यापेक्षा कितीतरी मोठी आहे.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला गॉलम हाच का?

नाही. त्या गॉलमला हे नाव त्याच्या घशातून येणाऱ्या आवाजावरून पडलं. तो अंगठीच्या मोहात बिघडलेला जिवंत प्राणी आहे, कुणी मातीतून घडवलेला नाही. नावं कानाला सारखी लागतात, एवढंच.

गोष्ट किती जुनी आहे?

सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या बॅबिलोनी तालमूद या ज्यू धर्मग्रंथात तिचं बीज सापडतं. राव्हा नावाच्या रब्बीने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, एक माणूस निर्माण केला आणि त्याला रब्बी झेराकडे पाठवलं. झेरा त्याच्याशी बोलायला लागला, पण समोरून उत्तर येईना. तेव्हा झेराने ओळखलं की हा आपल्याच विद्वान मंडळींपैकी कुणाचं तरी काम आहे, आणि ‘परत मातीत जा’ असं त्याला सांगितलं. संपली गोष्ट. मारामारी नाही, विध्वंस नाही. माणूस कशाने ओळखायचा, तर बोलण्याने, एवढं एकच सूत्र त्यात आहे आणि ते पुढच्या सगळ्या गोलेमकथांना पुरलं आहे.

मध्ययुगात जर्मनीतल्या ज्यू गूढवाद्यांनी ‘सेफेर येत्झिरा’ या जुन्या ग्रंथाच्या आधारे गोलेम घडवण्याच्या विधींचं वर्णन केलं. नोकरासारखा राबणारा आणि दिवसेंदिवस वाढत जाणारा गोलेम मात्र पुढे पोलंडमधल्या कथांमध्ये दिसतो. आज सगळ्यात प्रसिद्ध आहे तो प्रागच्या रब्बी लोएवचा गोलेम, पण या कथांमधला गोलेम चेल्म गावच्या रब्बी एलियाहूचा आहे. याकोब ग्रिमने १८०८ साली पोलंडमधल्या ज्यूंची अशी एक कथा जर्मनमध्ये छापली. गोलेम इतका उंच होतो की मालकाचा हात त्याच्या कपाळापर्यंत पोहोचेना. मालक युक्ती करून त्याला जोडे काढायला सांगतो, तो वाकतो, मालक कपाळावरचं अक्षर पुसतो, आणि मातीचा तो सगळा ढिगारा मालकाच्याच अंगावर कोसळतो.

मग प्रागचा रब्बी लोएव कोण? तो खरा होता का?

होता. रब्बी यहुदा लोएव बेन बेझालेल, ज्यू परंपरेत ‘महराल’. सोळाव्या शतकातला थोर विद्वान, १६०९ साली प्रागमध्ये वारला, आणि तिथल्या जुन्या ज्यू दफनभूमीत त्याची कबर आजही आहे. सम्राट रुडॉल्फ दुसरा याने १५९२ मध्ये त्याला भेटीला बोलावलं होतं. ही नोंद त्याचा समकालीन इतिहासकार डाविड गान्स याने केली आहे.

पण गान्सच्या इतिहासात गोलेमचा उल्लेख नाही. महरालच्या स्वतःच्या भरघोस ग्रंथसंपदेतही त्याने असं काही घडवल्याचा उल्लेख नाही. त्याचं नाव या कथेशी छापील स्वरूपात जोडलेलं दिसतं ते एकोणिसाव्या शतकात, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी.

ज्यू वस्तीचं रक्षण करणारा गोलेम मग आला कुठून?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा विस्ताराने.

प्रागच्या सुरुवातीच्या कथांमध्ये गोलेम हा घरगडी आहे. आठवडाभर राबतो, आणि शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत रब्बी त्याच्या तोंडातली चिठ्ठी काढून घेतो, कारण शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवशी, सगळ्यांनाच विश्रांती. एका शुक्रवारी रब्बी विसरतो. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, ब्याण्णवावं स्तोत्र चालू असताना बाहेर गोलेम मोडतोड सुरू करतो. रब्बी धावत जाऊन चिठ्ठी काढतो, परत येतो आणि स्तोत्र पुन्हा म्हणायला सांगतो. प्रागच्या त्या सिनेगॉगमध्ये हे स्तोत्र दोनदा का म्हणतात, याचं कारण म्हणून ही कथा सांगितली जाते.

वस्तीचा रखवालदार गोलेम ठळकपणे पुढे येतो तो १९०९ मध्ये. वॉर्सात राहणारे रब्बी युदल रोझेनबर्ग यांनी महरालच्या चमत्कारांचं एक पुस्तक काढलं आणि ते जुन्या हस्तलिखितावरून घेतल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात ते त्यांचं स्वतःचं लेखन होतं, असं आज अभ्यासक मानतात. त्यात गोलेमला योसेफ हे नाव मिळालं आणि एक कामगिरीही: ज्यूंवर येणारा रक्ताचा आळ खोटा पाडणं.

हा आळ म्हणजे काय, ते माहीत नसेल तर गोलेम कळणार नाही. ज्यू लोक ख्रिस्ती मुलांना मारून त्यांचं रक्त पासओव्हर सणाच्या भाकरीत घालतात, असा धादांत खोटा आरोप युरोपात शतकानुशतकं होत राहिला. एखादं मूल हरवलं की वस्तीवर जमाव चालून यायचा. रोझेनबर्ग लिहीत होते तेव्हा हे काही जुनं प्रकरण नव्हतं. १८९९ मध्ये प्राग ज्या प्रांतात आहे त्या बोहेमियात लेओपोल्ड हिल्सनर या ज्यू तरुणाला एका ख्रिस्ती मुलीच्या खुनाबद्दल दोषी ठरवलं गेलं, आणि खटल्याभोवती हाच आळ घुमत होता. १९०३ मध्ये किशिनेव्हमध्ये अशाच अफवेतून दंगल उसळली आणि कित्येक ज्यू मारले गेले. पुस्तक आल्यानंतर दोनच वर्षांनी कीव्हमध्ये मेंडेल बेलिस याला याच आरोपाखाली अटक झाली. १९१३ मध्ये तो निर्दोष सुटला.

म्हणजे पोलीस, न्यायालय, शेजारी यांपैकी कुणाचाच भरवसा उरला नव्हता, अशा माणसांनी कल्पनेत उभा केलेला हा पहारेकरी आहे. रोझेनबर्गचा गोलेम रात्री वेशीवर उभा राहतो, आणि ज्यूंच्या दारात मुलाचं प्रेत टाकायला येणाऱ्याला पकडून कोतवालीत नेतो. तो कुणाचा सूड घेत नाही, पुरावा हाती लावून देतो. मला ही गोष्ट फार हलवून टाकते: त्या माणसांनी एवढी प्रचंड ताकद कल्पिली, आणि तिच्याकडून मागितलं काय, तर फक्त न्याय्य चौकशी.

जीव घालायचा कसा? कपाळावरच्या अक्षरांनी की तोंडातल्या चिठ्ठीने?

दोन्ही. पोलंडकडच्या कथांमध्ये कपाळावर तीन हिब्रू अक्षरं असतात: आलेफ, मेम, ताव. मिळून ‘एमेत’, म्हणजे सत्य. पहिलं अक्षर पुसलं की उरतं ‘मेत’, म्हणजे मेलेला. प्रागकडे देवाचं नाव लिहिलेली चिठ्ठी तोंडात घालतात. चित्रपट आणि गेमवाल्यांनी सोयीप्रमाणे कधी हे घेतलं, कधी ते, आणि बऱ्याचदा दोन्ही टाकून देऊन छातीत एक चमकणारा खडा बसवला.

पडद्यावर गोलेम कधी आला?

जर्मन नट-दिग्दर्शक पाउल वेगेनर याने १९१५, १९१७ आणि १९२० असे तीन मूकपट केले. टिकून राहिला आणि गाजला तो तिसरा, ‘गोलेम जगात कसा आला’. वास्तुविशारद हान्स पोएल्झिगने त्यासाठी प्रागची ज्यू वस्ती उभी केली: एकही भिंत सरळ नाही, घरं एकमेकांवर रेललेली, छपरं टोकदार. गोलेमचं काम वेगेनरने स्वतःच केलं. डोक्यावर घट्ट बसलेला मातीचा टोप, छातीवर तारा, आणि अख्खा देह एकदम वळवणारी जड चाल.

कथेत सम्राट ज्यूंना शहर सोडायचा हुकूम देतो. रब्बी गोलेमला घेऊन दरबारात जातो आणि ज्यूंच्या भटकंतीची चित्रं हवेत उभी करतो. दरबारी हसतात, महालाचं छत कोसळू लागतं, गोलेम ते हातांवर तोलून धरतो आणि हुकूम मागे घेतला जातो. पुढे रब्बीचा मदतनीस स्वतःच्या प्रेमातल्या मत्सरापायी गोलेमला वापरतो आणि सगळं हाताबाहेर जातं. शेवटी गोलेम वस्तीचा दरवाजा तोडून बाहेर येतो. उन्हात मुलं खेळत असतात. बाकीची पळतात, एक लहान मुलगी थांबते आणि त्याला सफरचंद देऊ करते. तो तिला उचलून घेतो. ती त्याच्या छातीवरच्या ताऱ्याशी खेळता खेळता तो उपटून काढते, आणि तो कोसळतो.

हा प्रसंग शंभर वर्षांनंतरही अंगावर येतो. एक दोष मात्र सांगायलाच हवा. चित्रपटात रब्बी जीव देणारा शब्द अस्तारोथ नावाच्या सैतानी शक्तीकडून मिळवतो. मूळ परंपरेत गोलेम घडवणं ही विद्वत्तेची आणि भक्तीची परिसीमा आहे. तिला काळ्या जादूचं रूप देऊन वेगेनरने रब्बीला मांत्रिक करून टाकलं, आणि ही प्रतिमा पुढे अनेकांनी डोळे झाकून उचलली.

फ्रँकेन्स्टाइन आणि रोबोट हे गोलेमचे वंशज आहेत का?

मेरी शेलीची कादंबरी १८१८ ची आहे आणि तिचा राक्षस बोलतो, वाचतो, वाद घालतो. तो गोलेमपेक्षा बराच वेगळा. पण १९३१ च्या हॉलिवूडपटातला, जड पावलं टाकणारा मुका फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस वेगेनरच्या गोलेमचा सख्खा भाऊ दिसतो. त्यातही एक लहान मुलगी न घाबरता त्याच्याजवळ येते आणि त्याला फुलं देते.

रोबोट तर थेट प्रागचाच. कारेल चापेकचं ‘आर. यू. आर.’ हे नाटक जानेवारी १९२१ मध्ये तिथल्या राष्ट्रीय रंगभूमीवर आलं. त्यातले रोबोट लोखंडी नाहीत, रसायनांतून घडवलेली कामकरी माणसं आहेत, आणि गोलेमशी असलेलं नातं चापेकनेही मान्य केलं होतं. फरक इतकाच की गोलेम एक असतो, तर रोबोट कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडतात.

सुपरमॅन म्हणजे गोलेम, असं म्हणतात ते खरं का?

अर्धं. जेरी सीगेल आणि जो शूस्टर ही क्लीव्हलंडमधली दोन ज्यू मुलं. त्यांचा सुपरमॅन १९३८ मध्ये छापून आला, म्हणजे हिटलर सत्तेवर येऊन पाच वर्षं झाल्यावर. दुबळ्यांच्या बाजूने उभा राहणारा प्रचंड ताकदीचा रक्षक, हे सूत्र गोलेमशी जुळतं. पण सीगेलने स्वतः नावं घेतली ती सॅमसन आणि हर्क्युलिसची. शिवाय सुपरमॅनला स्वतःचा विवेक आहे आणि गोलेमला तोच नाही. त्यामुळे दोघांना एकच म्हणणं मला पटत नाही.

हे नातं सगळ्यात सुंदर मांडलं ते मायकल शेबॉनच्या २००० सालच्या, पुलित्झर मिळालेल्या कादंबरीने. तिच्यात योसेफ कॅव्हलियर हा ज्यू तरुण नाझींच्या ताब्यातल्या प्रागमधून गोलेमच्याच पेटीत लपून निसटतो आणि अमेरिकेत जाऊन कॉमिक्स काढतो. मार्व्हलनेही १९७४ मध्ये गोलेम नावाचा नायक आणला होता, पण तो फार चालला नाही. टॅरॅंटिनोच्या २००९ च्या युद्धपटात नाझी सैनिकांमध्ये अफवा पसरते की बॅट घेऊन हिंडणारा तो ज्यू सैनिक म्हणजे गोलेम आहे. इथे गोलेमची भीती दुसऱ्या बाजूला बसलेली दिसते.

गेममध्ये लोखंडी, दगडी, बर्फाचे गोलेम कसे आले?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मुळे. या खेळाच्या १९७७ च्या राक्षसकोशात मांसाचा, मातीचा, दगडाचा आणि लोखंडाचा असे चार गोलेम आहेत. तिथून गोलेम ही एक जात झाली: पदार्थ बदला, नवा गोलेम तयार. गंमत अशी की मातीचा गोलेम घडवायला तिथे जादूगार चालत नाही, पुरोहितच लागतो, आणि लढता लढता तो मालकाच्या ताब्यातून सुटू शकतो. म्हणजे मूळ कथेचा धागा तेव्हा शाबूत होता. पुढच्या गेमांनी बहुतेक फक्त देह घेतला. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’मधला गोलेम म्हणजे शत्रूचे फटके झेलणारी भिंत, फुटल्यावर तिचे दोन छोटे गोलेमाइट होतात. खेळायला छान, पण कथेशी देणंघेणं नाही.

‘माइनक्राफ्ट’ची गोष्ट वेगळी. लोखंडाचे चार ठोकळे इंग्रजी टी अक्षरासारखे रचायचे, वर कोरलेला भोपळा ठेवायचा, की लोखंडी गोलेम उभा राहतो आणि गावकऱ्यांची राखण करतो. मूळ जावा आवृत्तीत गावकरी घाबरले की तो आपोआपही प्रकट होऊ शकतो. आणि अधूनमधून तो गावातल्या मुलांपुढे लाल फूल धरतो. ही कल्पना एका जपानी ॲनिमेशनपटातल्या रोबोटकडून आली, पण वेगेनरचा चित्रपट पाहिलेल्याला सफरचंद देऊ करणारी ती मुलगी आठवल्याशिवाय राहणार नाही. भेदरलेली वस्ती, मुका रखवालदार आणि न भिणारं मूल हे तिन्ही इथे पुन्हा एकत्र आले आहेत. तुमच्या घरी हा गेम खेळणारं मूल असेल, तर गोलेमची खरी गोष्ट सांगायला याहून चांगली सुरुवात नाही.

पोकेमॉनमधला गोलेम?

गोलेम नावाचा पोकेमॉन हा गोल दगडी कवचाचा प्राणी, त्यात लोककथा शोधू नका. पाचव्या पिढीतले गोलेट आणि गोलर्क पाहा. गोलेट प्राचीन विद्येने मातीतून घडवलेला, आणि गोलर्कच्या छातीवरची मोहोर काढली की त्याची शक्ती बेताल होते. नाव एकाला मिळालं, कथा दुसऱ्याला.

गोलेम म्हणजे ज्यूंचा भस्मासुर का?

आपल्याकडे हा प्रश्न हमखास येतो. साम्य आहेच: दिलेली शक्ती देणाऱ्यावर उलटते. पण भस्मासुराला हाव आहे. तो वर मागतो आणि वर देणाऱ्या शंकराच्याच डोक्यावर हात ठेवायला धावतो. गोलेमला काहीच नको असतं. रोझेनबर्गच्या एका कथेत रब्बीची बायको सणासाठी त्याला पाणी भरायला सांगते. थांब कधी, हे सांगायचं राहून जातं, आणि तो घर तुंबेपर्यंत पाणी आणत राहतो. यात त्याचा दोष कोणता? हुकूम अर्धवट होता. म्हणूनच त्याला नुसता राक्षस करून सोडणाऱ्या भयपटांचा मला मनापासून राग येतो. दारावर पहाऱ्याला बसवण्यासाठी पार्वतीने अंगच्या मळातून घडवलेला गणपती हीच तुलना करायची झाली तर जास्त जवळची, पण गणपती बोलतो, आणि तिथून वाटा वेगळ्या होतात.

बोलणारे गोलेम, स्त्री गोलेम असतात का?

असतात. स्पेनमधला अकराव्या शतकातला कवी श्लोमो इब्न गबिरोल याने आपली सेवा करायला एक स्त्री घडवली होती, अशी जुनी आख्यायिका आहे. हेलेन वेकरच्या २०१३ च्या कादंबरीत १८९९ च्या न्यूयॉर्कमध्ये मालक मेल्यामुळे एकटी पडलेली गोलेम स्त्री आहे. सगळ्यांच्या इच्छा तिला ऐकू येतात आणि त्या पुऱ्या न करणं तिला शिकावं लागतं. टेरी प्रॅचेटच्या १९९६ च्या कादंबरीतल्या गोलेमच्या डोक्यात लिहिलेली चिठ्ठी असते, आणि त्यातल्या एकाच्या डोक्यात त्याच्या स्वतःच्या खरेदीची पावती ठेवली जाते. आता तो स्वतःचाच मालक. मूळ कथेला इतकं जवळून समजून घेऊन तिला पुढे नेणारी कल्पना क्वचितच सापडते.

एआयच्या चर्चेत गोलेम का येतो?

संगणकवाल्यांनीच त्याला आणलं, तेही साठ वर्षांपूर्वी. सायबरनेटिक्सचा जनक नॉर्बर्ट वीनर याने १९६४ मध्ये यंत्रं आणि धर्म यांवर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच गोलेम आहे. १९६५ मध्ये इस्रायलमधल्या रेहोवोत इथे वाइझमन संस्थेच्या नव्या संगणकाला ‘गोलेम आलेफ’ म्हटलं गेलं. ते नाव सुचवणारे ज्यू गूढवादाचे अभ्यासक गेर्शोम शोलेम यांनी उद्घाटनाच्या भाषणात प्रागचा गोलेम आणि हा गोलेम शेजारी ठेवले, आणि शेवटी यंत्राला आणि त्याच्या निर्मात्याला सांगितलं की शांतपणे वाढा, जगाचा नाश करू नका.

एआयला आज घडाघडा बोलता येतं, म्हणजे राव्हाच्या माणसाला झेराने लावलेली कसोटी ते पार करतं. पण रब्बीच्या बायकोच्या पाण्याची अडचण तशीच आहे: यंत्र सांगितलेलं करतं, मनातलं करेलच असं नाही.

प्रागला गेलं तर काय बघायला मिळेल?

साधारण १२७० सालचं जुनं-नवं सिनेगॉग आजही वापरात आहे. गोलेमचे अवशेष त्याच्या माळ्यावर आहेत अशी आख्यायिका आहे. पत्रकार एगॉन एर्विन किश याने वर चढून पाहिलं, त्याला काही सापडलं नाही. माळा लोकांना खुला नाही. बाहेरच्या भिंतीत वर जाणाऱ्या लोखंडी पायऱ्या दिसतात. दुकानांत मांडलेले गुटगुटीत गोलेम बहुतेक १९५१ च्या एका चेक विनोदी चित्रपटावरून आले आहेत, ज्यात गोलेम शेवटी पाव भाजायच्या भट्टीला जुंपला जातो. महरालच्या कबरीवर लोक खडे आणि चिठ्ठ्या ठेवतात. तिथे शांतपणे उभं राहा, ती एका खऱ्या माणसाची कबर आहे.

महाराष्ट्रातल्या ज्यूंमध्ये गोलेमची गोष्ट आहे का?

गोलेम वाढला तो मध्य आणि पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंमध्ये. कोकणातल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींची परंपरा निराळी. अलिबागजवळ नवगावला फुटलेल्या गलबतातून आपले पूर्वज वाचले, असं ते सांगतात. अडीअडचणीला त्यांच्याकडे धावून येतो तो एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया. त्याच्या नावाने मलिदा करतात, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण दाखवतात. युरोपातल्या भयंकर छळासारखं इथे काही घडलं नाही, असं हे लोक आवर्जून सांगतात. रक्ताच्या आळाशी झगडणारा रखवालदार त्यांच्या कीर्तनांत शोधू नये.

सुरुवात कुठून करावी?

१९२० चा मूकपट आधी पाहा, इंटरनेटवर सहज सापडतो. वाचायचं तर वेकर. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी डेव्हिड विस्निएव्स्कीचं कागद कापून केलेल्या चित्रांचं ‘गोलेम’ हे पुस्तक आहे, त्याला मुलांच्या चित्रपुस्तकांसाठीचं १९९७ चं कॅल्डिकॉट पदक मिळालं. त्यात रक्ताचा आळ वगळलेला नाही, त्यामुळे मुलाच्या हाती नुसतं देऊ नका, शेजारी बसून वाचा आणि त्याला मनात येतील ते प्रश्न विचारू द्या.